रिग्रेशनचं उत्तर विचित्र आलं, तर शोध कुठून सुरू करायचा?

सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीत सरावासाठी मधुमेहाचा एक छोटा डेटासेट आयता मिळतो. ४४२ रुग्ण, १० फीचर (प्रत्येक रुग्णाबद्दल नोंदलेल्या गोष्टी, एकेका कॉलममध्ये), आणि टार्गेट, म्हणजे ज्याचा अंदाज बांधायचा तो, वर्षभरानंतर आजार किती बळावला हे सांगणारा एक आकडा. लिनिअर रिग्रेशन प्रत्येक फीचरला एका आकड्याने, म्हणजे कोइफिशियंटने, गुणतं आणि बेरीज करून टार्गेटचा अंदाज बांधतं. ते या डेटावर चालवलं की 'एस१' या कॉलमचा, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलचा, कोइफिशियंट येतो उणे ७९२. शब्दशः वाचलं तर कोलेस्टेरॉल वाढलं की आजार कमी होतो! मग तोच कॉलम एकटा घेऊन मॉडेल बसवावं, तर आकडा येतो अधिक ३४३. डेटा तोच, लायब्ररी तीच, चिन्ह मात्र उलटं.

अशा वेळी पहिला संशय लायब्ररीवर जातो. एकेकाळी तो रास्तही होता. १९६७ साली जेम्स लाँगली यांनी एक छोटासाच डेटा घेतला, १६ ओळी आणि ६ फीचर. फीचर एकमेकांत इतके गुंतलेले की गणित करणाऱ्याचा कस लागावा. तो त्या काळच्या वेगवेगळ्या संगणक-प्रोग्रामांना देऊन त्यांनी उत्तरं ताडून पाहिली, आणि काही प्रोग्रामांच्या उत्तरांचा बरोबर उत्तराशी मेळच बसेना. त्या धक्क्यानंतर सॉफ्टवेअरची अचूकता तपासण्याचं काम गांभीर्याने सुरू झालं आणि लाँगलींचा डेटा आजही त्यासाठी वापरतात.

आज मात्र लिनिअर रिग्रेशनचं गणितच चुकलंय असं क्वचित निघतं. बहुतेक वेळा लायब्ररीने तिला विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलेलं असतं. घोळ असतो तो प्रश्नात. आपण मनात एक प्रश्न धरलेला असतो आणि डीफॉल्ट पॅरामीटर (आपण काही न सांगता लागू होणारी सेटिंग), स्केल, ओळींचा क्रम हे सगळं मिळून विचारला जातो दुसराच. म्हणून 'उत्तर का चुकलं' यापेक्षा 'नेमकं काय विचारलं गेलं' हे शोधत गेलं की उलगडा लवकर होतो.

चिन्ह उलटं का झालं

आधी कोलेस्टेरॉलचं कोडं. या डेटात एस१ हे एकूण कोलेस्टेरॉल, एस२ म्हणजे एलडीएल, एस३ म्हणजे एचडीएल, एस४ हे एकूण आणि एचडीएल यांचं गुणोत्तर, आणि एस५ ट्रायग्लिसराइड्सशी संबंधित. एकूण कोलेस्टेरॉल हा आकडा मुळात इतर काही आकड्यांतूनच बनलेला आहे. एस१ आणि एस२ यांच्यातला सहसंबंध जवळपास ०.९ आहे.

एस१ एकटा घेतो तेव्हा प्रश्न असतो, 'ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त, त्यांचा आजार जास्त बळावतो का?' दहाही फीचर एकत्र घेतले की प्रश्न बदलतो, 'बाकीचे नऊ आकडे आहेत तिथेच ठेवून फक्त एकूण कोलेस्टेरॉल वाढवलं, तर काय होईल?' आता असा रुग्ण शोधा, ज्याचं एलडीएल तेवढंच, एचडीएल तेवढंच, ट्रायग्लिसराइड्स तेवढीच, आणि एकूण कोलेस्टेरॉल मात्र बरंच जास्त. असे रुग्ण जवळपास नाहीतच. मॉडेलला मिळतात ते बारीकसारीक फरक, आणि तेवढ्यावरून ते अंदाज बांधतं.

तो अंदाज किती कच्चा आहे हे स्टँडर्ड एररवरून, म्हणजे आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो या मापावरून, कळतं. एस१ चा कोइफिशियंट उणे ७९२ आणि त्याची स्टँडर्ड एरर ४१७. शेजारीच बीएमआयचा कोइफिशियंट ५२०, त्याची स्टँडर्ड एरर फक्त ६७. पहिल्याबद्दल मॉडेल स्वतःच साशंक आहे, दुसऱ्याबद्दल ठाम आहे. गुंत्यामुळे अनिश्चितता किती फुगली ते मोजायला व्हीआयएफ नावाचं माप आहे. एस१ साठी ते सुमारे ५९ येतं, म्हणजे व्हेरियन्स (स्टँडर्ड एररचा वर्ग) ५९ पट आणि स्टँडर्ड एरर त्याच्या वर्गमुळाइतकी, साडेसात पटींहून जास्त. बीएमआयचा व्हीआयएफ दीडच्या आसपास आहे.

अडचण अशी की सायकिट-लर्न स्टँडर्ड एरर दाखवतच नाही. तिचा सगळा रोख भाकितावर आहे. उणे ७९२ आणि ५२० हे दोन्ही आकडे एकाच रांगेत, एकाच थाटात छापले जातात आणि वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच पक्के वाटतात. कोइफिशियंटचा अर्थ लावायचा असेल, कुणाला तरी 'या घटकाचा इतका परिणाम होतो' असं सांगायचं असेल, तर माझ्या मते ते काम एकट्या सायकिट-लर्नवर सोपवूच नये. स्टॅट्समॉडेल्ससारखी लायब्ररी तोच हिशेब स्टँडर्ड एररसकट छापून देते. फक्त भाकीत हवं असेल तर मात्र या उलट्या चिन्हाने फारसं बिघडत नाही. गुंतलेले कोइफिशियंट एकमेकांना सांभाळून घेतात आणि भाकीत ठीक येतं, नवा डेटाही तसाच गुंतलेला असेपर्यंत.

याच दुखण्याचं टोकाचं रूप वर्गवारीच्या कॉलममध्ये दिसतं. वन-हॉट एन्कोडिंग करून प्रत्येक प्रकाराला ०-१ चा स्वतंत्र कॉलम दिला आणि इंटरसेप्टही (प्रत्येक ओळीत सारखाच मिळवला जाणारा स्थिर आकडा) ठेवला, तर सगळ्या कॉलमांची बेरीज नेहमी १ येते आणि तीच गोष्ट इंटरसेप्टही सांगत असतो. आता बरोबर उत्तरं अगणित आहेत. आर भाषेतलं एलएम हे लिनिअर रिग्रेशनचं फंक्शन अशा वेळी एखाद्या कोइफिशियंटच्या जागी चक्क 'एनए' लिहून मोकळं होतं. सायकिट-लर्नचं लिनिअर रिग्रेशन अगणित उत्तरांतून सगळ्यात छोट्या आकड्यांचं एक उत्तर निवडतं आणि अवाक्षर काढत नाही. गुंता पूर्ण नसून पूर्णच्या अगदी जवळ असेल तर बारा-तेरा आकडी कोइफिशियंट येतात, एक अधिक, एक उणे, आणि भाकितं तरीही बरी येतात. आकडे बघून घाम फुटतो, पण उपाय सोपा आहे. एन्कोडरला पहिला प्रकार वगळायला सांगायचं.

स्केल आणि पेनल्टी

बीएमआयच्या ५२० कडे परत बघा. टार्गेट २५ ते ३४६ या टप्प्यात आहे. बीएमआय एकने वाढला तर आजाराचा आकडा ५२० ने वाढणार? शक्यच नाही. इथे गोम अशी की या डेटासेटमधले कॉलम मूळ एककात नाहीत. प्रत्येक कॉलममधून सरासरी वजा करून तो असा दाबलेला आहे की सगळ्या किमतींच्या वर्गांची बेरीज १ यावी. ४४२ ओळींत ही बेरीज वाटली गेली की एकेक किंमत साधारण ०.०५ च्या घरात राहते. त्यामुळे 'एकने वाढणं' ही घटना या डेटात घडतच नाही. बीएमआय एकटा घेतला तर दाबलेल्या कॉलमवर उतार येतो ९४९ आणि मूळ एककात येतो १०.२. रेघ एकच आहे, मोजपट्टी वेगळी. आवृत्ती १.१ पासून हा डेटा मूळ एककातही मागवता येतो.

साध्या लिनिअर रिग्रेशनला मोजपट्टीने काही फरक पडत नाही. कॉलम हजाराने भागला तर कोइफिशियंट हजारपट होतो आणि भाकीत तेच राहतं. त्यामुळे स्केलकडे लक्ष न देण्याची सवय लागते, आणि रिज किंवा लॅसोकडे वळलं की ही सवय अंगाशी येते. ही मॉडेलं कोइफिशियंटच्या आकारावर दंड, म्हणजे पेनल्टी, लावतात आणि तिचा जोर अल्फा या पॅरामीटरने ठरतो. मोजपट्टी बदलली की आकार बदलतो, म्हणून दंडही बदलतो.

एकाच फीचरचं रिज रिग्रेशन घेतलं तर हिशेब बोटांवर करता येतो. मूळ कोइफिशियंटला कॉलमच्या वर्गांच्या बेरजेने गुणायचं, आणि तीच बेरीज अधिक अल्फा याने भागायचं (वर्ग अर्थातच सरासरी वजा केल्यानंतरचे). दाबलेल्या कॉलममध्ये बेरीज १ आणि डीफॉल्ट अल्फाही १. म्हणजे १ भागिले २. बीएमआयचा ९४९ हा उतार एका झटक्यात निम्मा, ४७५ च्या आसपास. तोच बीएमआय मूळ एककात दिला तर वर्गांची बेरीज आठ हजारांच्या वर जाते आणि तेवढ्यापुढे अल्फाचा १ कुठल्या कुठे विरतो, कोइफिशियंट जवळपास जशाचा तसा राहतो. डेटा तोच, अल्फा तोच. एकीकडे निम्म्यावर पाणी सोडावं लागलं, दुसरीकडे केसालाही धक्का नाही. 'अल्फा १ म्हणजे सौम्य पेनल्टी' असं म्हणायला म्हणूनच काही अर्थ नाही. कॉलमची मोजपट्टी माहीत असल्याशिवाय अल्फाला सौम्य किंवा कडक म्हणता येत नाही.

लॅसोचा अल्फा तर वेगळ्याच चालीचा आहे. रिजमध्ये चुकांच्या वर्गांची एकूण बेरीज घेतात आणि त्यात पेनल्टी मिळवतात. लॅसोमध्ये ती बेरीज आधी ओळींच्या संख्येच्या दुपटीने भागतात. दोन्हीकडे नाव अल्फा, डीफॉल्ट १, अर्थ मात्र निराळा. पडताळायचं असेल तर प्रत्येक ओळ दोनदा लिहून डेटा दुप्पट करा. लॅसोचं उत्तर हलणार नाही, रिजचं आकुंचन कमी होईल.

लॅसोने सगळेच कोइफिशियंट शून्य केले ही तक्रार याच कारणामुळे सारखी ऐकू येते. किती अल्फाला सगळं शून्य होणार हे आधीच काढता येतं. सरासरी वजा केलेला प्रत्येक फीचर आणि टार्गेट यांचे ओळीगणिक गुणाकार करून बेरीज करायची, त्यातली सगळ्यात मोठी बेरीज घ्यायची (चिन्ह सोडून) आणि ओळींच्या संख्येने भागायची. मधुमेहाच्या डेटात ती ९४९ भागिले ४४२, म्हणजे २.१५ च्या जवळ. त्यापुढचा कुठलाही अल्फा दिला की मॉडेलमध्ये इंटरसेप्टशिवाय काही उरत नाही. डीफॉल्ट १ हा त्या मर्यादेच्या जवळपास निम्म्यावर आहे, म्हणून तिथेही दहातले सात फीचर गळतात. बीएमआय, रक्तदाब आणि एस५ तेवढे टिकतात.

लॉजिस्टिक रिग्रेशनच्या (हो-नाही अशा टार्गेटसाठीच्या मॉडेलच्या) बाबतीत अनेकांना ठाऊकच नसतं की तिथे डीफॉल्टनेच एल-२, म्हणजे रिजसारखी, पेनल्टी लागू आहे. 'सी' या पॅरामीटरची चाल उलटी, सी जितका लहान तितकी पेनल्टी जास्त. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेनल्टीविना काढलेल्या उत्तराशी ते जुळलं नाही तर नवल नाही.

एसजीडी रिग्रेसर स्केलच्या बाबतीत सगळ्यात हळवा. ते पावलापावलाने उत्तराकडे सरकतं, आणि एखादा कॉलम हजारांत असला की एक पाऊल इतकं लांब पडतं की पुढचं त्याहून लांब. दहा-बारा आकडी कोइफिशियंट आणि खोल उणे आर-स्क्वेअर (मॉडेल नुसत्या सरासरीपेक्षा किती सरस ते सांगणारं माप, व्याख्या पुढे येते) एकत्र दिसले की दुसरीकडे कुठे शोधू नका, आधी स्टँडर्ड स्केलर लावा. तो प्रत्येक कॉलममधून सरासरी वजा करून स्टँडर्ड डीव्हिएशनने भागतो. तो पाइपलाइनमध्ये, म्हणजे मॉडेलपर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांच्या साखळीत, लावा, म्हणजे ट्रेनिंग डेटावर (मॉडेल ज्यावरून शिकतं तो) शिकलेली सरासरी आणि स्टँडर्ड डीव्हिएशनच टेस्टवर (तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या डेटावर) वापरली जाईल. टेस्ट डेटावर पुन्हा 'फिट-ट्रान्सफॉर्म' चालवलं तर दोन्ही डेटा वेगवेगळ्या मोजपट्ट्यांनी मोजले जातात. एरर येत नाही, भाकितं मात्र सरकतात.

कोइफिशियंट जुळले, आर-स्क्वेअर नाही

मधुमेहाचाच डेटा स्टॅट्समॉडेल्सच्या ओएलएसला, म्हणजे तिथल्या साध्या लिनिअर रिग्रेशनला, थेट अ‍ॅरे म्हणून द्या. दहाही कोइफिशियंट सायकिट-लर्नच्या कोइफिशियंटशी तंतोतंत जुळतात. आर-स्क्वेअर मात्र एकीकडे ०.५१८ आणि दुसरीकडे ०.१०६.

कारण इंटरसेप्ट. सायकिट-लर्न तो आपणहून घेतं. स्टॅट्समॉडेल्सला अ‍ॅरे दिला तर ते घेत नाही, स्थिरांकाचा कॉलम आपण जोडून द्यावा लागतो. (सूत्र लिहून मॉडेल मांडलं तर तेही आपणहून घेतं, त्यामुळे गोंधळ वाढतो.) एरवी इंटरसेप्ट नसला की कोइफिशियंटही बदलतात. इथे प्रत्येक कॉलमची सरासरी शून्य असल्यामुळे ते बदलले नाहीत. पण प्रत्येक भाकीत टार्गेटच्या सरासरीइतकं, म्हणजे १५२ ने, कमी येतं. शिवाय इंटरसेप्ट नसताना स्टॅट्समॉडेल्स आर-स्क्वेअरची व्याख्याच बदलतं आणि सरासरीऐवजी शून्यापासूनची तफावत मोजतं. रिपोर्टमध्ये तसं 'अनसेंटर्ड' म्हणून लिहिलेलंही असतं, पण ते वाचतं कोण! एरवी या बदललेल्या व्याख्येने आर-स्क्वेअर फुगतो आणि माणूस खूश होतो. इथे तो घसरला एवढाच फरक.

दोन साधनांची उत्तरं जुळत नसली की इंटरसेप्ट, पेनल्टी आणि गाळलेल्या ओळी, हे तीन मुद्दे आधी बघावेत. रिकाम्या जागा असलेल्या ओळी एक साधन गुपचूप गाळतं आणि दुसरं एरर देतं. मग आपण दुसऱ्यासाठी त्या जागा भरून देतो आणि दोघांना वेगवेगळा डेटा मिळतो. रँडम फॉरेस्टची (अनेक निर्णय-झाडांच्या उत्तरांची सरासरी घेणाऱ्या मॉडेलची) तुलना आरमधल्या पॅकेजशी करत असाल तर आणखी एक गोष्ट. रिग्रेशनसाठी सायकिट-लर्न डीफॉल्टने प्रत्येक फाट्यावर सगळे फीचर विचारात घेतं, आरचं 'रँडम-फॉरेस्ट' पॅकेज एक-तृतीयांशच घेतं. उत्तरं वेगळी येणारच.

आर-स्क्वेअर उणे कसा?

'स्क्वेअर' म्हटल्यावर तो शून्याखाली जाणार नाही असं वाटतं. पण त्याची व्याख्या १ वजा एक गुणोत्तर अशी आहे. वर मॉडेलच्या चुकांच्या वर्गांची बेरीज, खाली सरासरी सांगून टाकली असती तर झालेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज. मॉडेल सरासरीपेक्षा वाईट ठरलं की गुणोत्तर १ च्या वर जातं आणि उत्तर उणे येतं. खालच्या बाजूला मर्यादाच नाही.

पण पुष्कळदा दोष मॉडेलचा नसून ओळींच्या क्रमाचा असतो. समजा टार्गेट १ ते १० असं चढत्या क्रमाने लावलेलं आहे. क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये डेटाचे तुकडे करून आळीपाळीने एकेकावर मॉडेल तपासतात. ते डीफॉल्टने पाच तुकडे करतं, आणि रिग्रेशनसाठी ओळी न पिसता करतं. शेवटच्या तुकड्यात ९ आणि १० येतात, ट्रेनिंगला १ ते ८. आता सरासरीच सांगणारं अगदी साधं मॉडेल घ्या. ट्रेनिंगची सरासरी ४.५, म्हणून चुका ४.५ आणि ५.५, वर्गांची बेरीज ५०.५. तुकड्याची स्वतःची सरासरी ९.५, तिच्यापासूनच्या वर्गांची बेरीज फक्त ०.५. भागाकार १०१, आणि आर-स्क्वेअर उणे १००. काहीही न करणाऱ्या मॉडेलला उणे शंभर! ओळी पिसून पुन्हा बघा. मात्र डेटा काळानुसार लावलेला असेल तर पिसू नका, तिथे टाइम-सिरीजसाठीची विभागणी वापरा, नाहीतर मॉडेल उद्याचा डेटा बघून आजचं भाकीत करेल.

दोन किरकोळ पण नेहमीचे गैरसमज. मीन स्क्वेअर्ड एरर (चुकांच्या वर्गांची सरासरी) उणे दिसतो, कारण सायकिट-लर्नमध्ये स्कोअर जितका मोठा तितका चांगला हा नियम पाळायला मुद्दाम उणे चिन्ह लावलेलं असतं. आणि आर-स्क्वेअर काढताना खरी किंमत आधी आणि भाकीत नंतर द्यायचं असतं, अदलाबदल केली तर उत्तर बदलतं.

वजाबाकीतला चोर

कधीकधी मॉडेल ठणठणीत असतं आणि चूक तपासणीत असते. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत खऱ्या किमती उभ्या कॉलमच्या रूपात असतील आणि भाकितं सपाट यादीच्या रूपात, तर वजाबाकी केल्यावर ओळीला ओळ वजा होत नाही. प्रत्येक खरी किंमत प्रत्येक भाकिताशी भिडवली जाते. खऱ्या किमती १, २, ३ आणि भाकितंही १, २, ३ घ्या, म्हणजे मॉडेल शंभर टक्के अचूक. वजाबाकीतून तीन गुणिले तीनचा तक्ता तयार होतो. कर्णावर शून्य, बाकी ठिकाणी एक आणि दोनचे फरक. वर्गांची बेरीज १२, नऊने भागल्यावर १.३३. चूक शून्य असताना १.३३ हातात पडते आणि एरर-वॉर्निंग काही नाही. लायब्ररीचं स्वतःचं फंक्शन हे आकार आधी जुळवून घेतं, म्हणून हाताने काढलेला आकडा आणि फंक्शनचा आकडा वेगळा आला की आधी दोन्हींचा आकार छापून बघावा.

पांडास या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत हाच चोर वेगळ्या वेशात येतो. तिथे वजाबाकी जागेनुसार होत नाही, इंडेक्सनुसार, म्हणजे ओळीला लावलेल्या क्रमांकानुसार, होते. ट्रेन-टेस्ट विभागणीनंतर टेस्टचा इंडेक्स विस्कटलेला असतो आणि भाकितांची नवी सिरीज शून्यापासून क्रमाने मोजते. जिथे इंडेक्स जुळत नाही तिथे रिकामी किंमत येते, सरासरी काढताना ती गाळली जाते, आणि योगायोगाने जुळलेल्या भलत्याच जोड्यांवरून एक आकडा निघतो. दिसायला अगदी सभ्य.

सगळीकडे एकच भाकीत

मॉडेल प्रत्येक ओळीला तेच उत्तर देत असेल तर कोणतं मॉडेल आहे यावर कारण ठरतं. एसव्हीआरमध्ये (सपोर्ट व्हेक्टर रिग्रेशनमध्ये) प्रत्येक ट्रेनिंग बिंदू वक्राला किती ओढू शकतो यावर सी ची मर्यादा आहे, डीफॉल्ट १. टार्गेट लाखांच्या घरात आणि ओळी पाचशे असतील तर सगळ्यांनी जोर लावूनही वक्र काहीशे एवढाच हलणार, म्हणजे दिसायला आडवी रेघ. उलट टार्गेट अगदी छोटं, समजा ०.४० ते ०.५५ एवढंच असेल, तर एप्सिलॉन आड येतं. ०.१ पर्यंतची चूक एसव्हीआर चूक मानतच नाही, आणि मधोमध काढलेल्या आडव्या रेघेपासून सगळे बिंदू त्याच्या आतच आहेत. दोन्हीवर उपाय एकच, फीचरसोबत टार्गेटही स्केल करणं. सायकिट-लर्नमध्ये 'ट्रान्सफॉर्म्ड टार्गेट रिग्रेसर' यासाठीच आहे. तो भाकितं मूळ एककात परत आणून देतो.

हिस्टोग्रॅम ग्रेडियंट बूस्टिंग या झाडांच्या मॉडेलमध्ये प्रत्येक पानात (झाडाच्या टोकाच्या गटात) किमान २० ओळी लागतात. तुमच्याकडे चाळीसपेक्षा कमी ओळी असतील तर झाडाला एकही फाटा फुटू शकत नाही आणि सरासरी तेवढी हातात येते. लाइट-जीबीएम या तशाच लायब्ररीतही हीच २० ची अट आहे. गॉसियन प्रोसेस या मॉडेलचं भाकीत डेटापासून लांब गेल्यावर शून्याकडे ओढलं जातं, कारण तो शून्य सरासरी धरून चालतो. आणि झाडांवर आधारलेलं कोणतंही साधं मॉडेल ट्रेनिंगमध्ये दिसलेल्या टप्प्याबाहेर गेलं की सपाट होतं. फॉरेस्टला वाढता कल पुढे नेता येत नाही, पानांतल्या किमतींच्या सरासरीपलीकडे त्याच्याकडे काही नसतं.

उलटं दुखणं, म्हणजे आर-स्क्वेअर ०.९९, हेही संशयास्पदच. टार्गेटमधूनच काढलेला एखादा कॉलम फीचरमध्ये घुसलेला असतो, किंवा एकच ओळ ट्रेन आणि टेस्ट दोन्हींत असते. एकेक फीचर काढून बघितला की चोर सापडतो.

कालपर्यंत चालत होतं

कोड तोच आणि उत्तर बदललं, तर आवृत्ती बघा. २०१९ च्या अखेरीस आलेल्या सायकिट-लर्नच्या ०.२२ मध्ये रँडम फॉरेस्टची डीफॉल्ट झाडं १० वरून १०० झाली, क्रॉस-व्हॅलिडेशनचे तुकडे ३ वरून ५ झाले आणि एसव्हीआरचा गॅमा हा पॅरामीटर फीचरच्या व्हेरियन्सनुसार ठरू लागला. लिनिअर मॉडेलांमधला 'नॉर्मलाइझ' हा पर्याय १.२ मध्ये गेला. त्याच्या जागी सरळ स्टँडर्ड स्केलर लावलं की रिज आणि लॅसोची उत्तरं बदलतात, कारण जुना पर्याय स्टँडर्ड डीव्हिएशनने भागत नव्हता, कॉलमच्या एकूण लांबीने (वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने) भागत होता. जुनं उत्तर हवं असेल तर लॅसोचा अल्फा ओळींच्या संख्येच्या वर्गमुळाने आणि रिजचा ओळींच्या संख्येने गुणावा लागतो.

कन्व्हर्जन्सची वॉर्निंग दाबून टाकणारी एक ओळ अनेक नोटबुकांच्या डोक्यावर असते. ती आधी काढा. ती वॉर्निंग म्हणजे शोध अर्धवट सुटला असं लायब्ररी स्वतः सांगत असते.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही तर उत्तर आधीच माहीत असलेला डेटा स्वतः बनवा. 'मेक-रिग्रेशन' हे फंक्शन मागितले तर डेटासोबत खरे कोइफिशियंटही देतं. नॉइज (टार्गेटमध्ये मिसळलेली यादृच्छिक चूक) शून्य ठेवून आपली पूर्ण पाइपलाइन त्यावर चालवा. साध्या लिनिअर रिग्रेशनने ते कोइफिशियंट (स्केलर लावला असेल तर मूळ मोजपट्टीत आणल्यावर) परत मिळाले पाहिजेत. मिळाले नाहीत तर घोळ पाइपलाइनमध्ये आहे, एकेक पायरी काढत गेलं की जागा सापडते. मिळाले तर घोळ तुमच्या डेटात आहे. मग त्याच बनावट डेटात खऱ्या डेटाचे अवगुण एकेक करून घाला. एक कॉलम हजारपट करा, दोन कॉलम जवळपास सारखे करा, ओळी टार्गेटनुसार लावा, रिकाम्या जागी उणे ९९९ भरा. यातलं काय घातल्यावर तुमचं विचित्र उत्तर पुन्हा उमटतं ते बघा.

आणि यातून खरोखरच बग निघाला, तर तो कळवायला लागणारं सगळं साहित्य तयार झालेलं असतं: पंधरा-वीस ओळींचा कोड, बनावट डेटा, ठरवलेला रँडम-स्टेट (यादृच्छिक निवड दर वेळी तीच यावी म्हणून दिलेला आकडा), अपेक्षित उत्तर आणि लायब्ररीची आवृत्ती.